निवेदन : अपुऱ्या दिवसांच्या बाळांना उपचारांतील वेदनांपासून संरक्षण मिळण्याबाबत

प्रति,
मा. जिल्हा शल्यचिकित्सक, पुणे
मा. अधिष्ठाता, पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, बारामती

अर्जदार : बारामती व इंदापूर तालुक्यांतील पालक व नागरिक

महोदय,

गरोदरपणाचे 37 आठवडे भरण्याआधी जन्मलेले बाळ जगावे म्हणून नवजात कक्षात जे उपचार होतात, त्यांतच टाचेला टोचून रक्त घेणे, सलाईनची सुई लावणे, नाजूक त्वचेवरची चिकटपट्टी काढणे अशा वेदनादायी कृती रोज अनेकदा येतात. पॅरिस परिसरातील 2008 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अशा कृती प्रत्येक बाळामागे दिवसाला दहाच्या आसपास भरल्या आणि पाचांपैकी जवळजवळ चार वेळा त्या कृतीपुरता वेदनाशमनाचा कोणताही उपाय झालेला नव्हता.

अशा बाळाला दुखत नाही, हा समज 1987 सालीच खोटा ठरला, कारण इंदूरला वैद्यक शिकलेले डॉ. कंवलजीत आनंद यांनी ऑक्सफर्डमध्ये दाखवले की शस्त्रक्रियेत फेंटानिल हे वेदनाशामक मिळालेल्या बाळांना नंतरची गुंतागुंत कमी होते. वेदना मेंदूकडे नेणारे मार्ग तयार, पण तिला आवर घालणारे मार्ग कच्चे, म्हणून ही बाळे उलट अधिक सोसतात. त्यांना पुरेसे रडताही येत नसल्याने कपाळाची आठी, घट्ट मिटलेले डोळे, नाकाच्या कडेला उमटणारी घडी, वाढलेले ठोके व उतरलेला ऑक्सिजन यांवरून गुण देऊन वेदना मोजतात, आणि हे मोजमाप तापमानाप्रमाणेच प्रत्येक बाळाच्या तक्त्यावर नोंदले जावे, ही पहिली मागणी आहे.

टोचण्यापूर्वी साधारण दोन मिनिटे आईच्या दुधाचे किंवा डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत साखरद्रावणाचे थेंब जिभेवर द्यावेत, एका परिचारिकेने टोचताना दुसरीने बाळाचे हातपाय अंगाशी जुळवून धरावेत आणि त्यासाठी परिचारिकांची रिक्त पदे भरावीत. रक्ताच्या तपासण्या शक्य तेथे एकत्र कराव्यात, डोळ्यांच्या पडद्याच्या तपासणीआधी बधिरतेचे थेंब घालावेत, तर श्वासनळीत नियोजित नळी घालण्यासारख्या मोठ्या कृतींना योग्य औषध दिल्याशिवाय हात घालू नये.

मात्र सर्वांत स्वस्त व निर्धोक उपाय आईचाच आहे. बाळ तिच्या उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवणे, म्हणजे कांगारू मातृसेवा, चालू असतानाच टाचेला टोचले तर वेदना कमी होते. परंतु गळीत हंगामात साखर कारखान्यांच्या परिसरात ऊसतोडीसाठी कोयत्यावर आलेल्या ज्या आईला उचल (आगाऊ घेतलेली मजुरी) फेडण्यासाठी उसाच्या फडात परतावे लागते, तिचे बाळ या उपायाला मुकते. म्हणून आईची खाट, दोन वेळचे जेवण व बुडालेल्या मजुरीची भरपाई हा उपचाराचाच खर्च मानावा आणि कुटुंबाला बाळाच्या सेवेत सामील करण्याच्या केंद्र शासनाच्या 2017 च्या मार्गदर्शिकेनुसार आईवडिलांना कक्षात प्रवेश मिळावा.

यावरील कार्यवाही 30 दिवसांत लेखी कळवावी, ही विनंती.