गाडाभर अन्न आणि एक प्रश्न

नागपूर-वर्धा रस्त्यावरील केळझर म्हणजेच महाभारतातील एकचक्रानगरी, अशी या भागातील जुनी श्रद्धा आहे. असाच दावा खानदेशातील एरंडोलही सांगते आणि त्याचा निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाही. येथील सिद्धिविनायकाच्या दर्शनाला येणाऱ्यांना मात्र बकासुराची गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. रोज गाडाभर अन्न, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा एक माणूस, असा त्या राक्षसाचा कर ठरलेला होता. ही गोष्ट आपण लहानपणापासून भीमाची म्हणून ऐकतो. आदिपर्वात मात्र भीम गाड्यावर बसण्यापूर्वी एका घरातील दीर्घ संवाद येतो, आणि गेल्या वर्षभरात आम्हांस तोच पुन्हा पुन्हा आठवत राहिला आहे.

पाळी आलेल्या ब्राह्मणाच्या घरात प्रत्येकजण म्हणतो, मी जातो. बाप म्हणतो, आई म्हणते, मुलगी म्हणते. आणि शेवटी बोबडे बोलणारा लहानगा गवताची काडी उचलून सांगतो, की हिनेच मी त्या राक्षसाला मारीन. रडणारे घर क्षणभर हसते. पलीकडे कुंती हे सारे ऐकत असते.

आमच्या सात वर्षांच्या लेकीला सिलिअ‍ॅक रोग असल्याचे निदान झाले, तेव्हा आमच्या घरातही काहीसा असाच संवाद झाला. गव्हातील ग्लुटेन या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते, अन्नातील सत्त्व अंगी लागेनासे होते. मूल वाढत नाही, फिकट पडते. गहू, जव आणि राय आयुष्यभर वर्ज्य करणे एवढाच उपाय. हे समजल्यावर आम्ही दोघांनीही त्याच रात्री ठरवले, की उद्यापासून आपणही गहू सोडायचा. ती भाकरी खाईल तर आपणही भाकरीच खाऊ. यात त्याग होता, प्रेम होते, आणि खरे सांगायचे तर थोडे प्रायश्चित्तही होते. कारण तोवर आमच्या मनात प्रश्न उभा राहिला होता, की हे तिला आमच्यापैकी कोणाकडून आले? आणि ज्याच्याकडून आले, त्याच्याही पोटात ते गुपचूप बसलेले आहे काय?

या प्रश्नाचे मराठी घरातील रूप शास्त्रीय नसते. ते घराण्याचे असते. निदानाची बातमी कळताच एका वडीलधाऱ्या बाईंनी सांगून टाकले, ‘आमच्या घराण्यात असं कोणालेच नव्हतं.’ हे वाक्य निरागस नाही. त्याचा उरलेला अर्धा भाग न बोलताच समोरच्या घराण्याकडे जातो, आणि बहुधा सुनेच्या माहेरी जाऊन पोहोचतो. मूल हुशार निघाले तर ते ‘बापाच्या वळणावर गेले’ आणि आजारी पडले तर ‘आईकडून आले’, हा आपल्या भाषेचा जुना हिशेब आहे. साहित्य शिकवणाऱ्यांनी अशा वाक्प्रचारांकडे केवळ भाषेचे अलंकार म्हणून पाहू नये, असे आम्हांस वाटते.

शास्त्र काय सांगते? या रोगास अनुकूल असे जनुकांचे दोन प्रकार ज्ञात आहेत. ते आईकडूनही येतात, बापाकडूनही, आणि कधी दोघांकडूनही. जगातील सुमारे तीस ते चाळीस टक्के लोकांत त्यांपैकी एखादे असतेच. त्यांतील फार थोड्यांना प्रत्यक्ष रोग होतो. म्हणजे जनुक असणे हा गुन्हा नव्हे, रोगही नव्हे. रोग्याच्या आईवडिलांत, भावंडांत आणि मुलांत मात्र त्याचे प्रमाण बरेच वाढते. बारा-पंधरा जणांत साधारण एक. आणि त्या एकाचे पोट दुखत असेलच असे नाही. न हटणारा रक्तक्षय, ठिसूळ होत चाललेली हाडे, कायमचा थकवा, एवढ्याच खुणा असू शकतात. किंवा त्याही नसतात.

‘कोणालेच नव्हतं’ या वाक्याचा फोलपणा येथेच दिसतो. वर्धा हा ज्वारीचा मुलूख. रोजची भाकरी ज्वारीची. गहू सणाच्या पुरणपोळीला, शेतावरच्या रोडग्यांना आणि पानग्यांना. पुढे शेतातील ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली, रेशनचा गहू घरात आला आणि पोळी रोजची झाली. हा रोग दिसायचा तर शरीरात अनुकूल जनुक हवे आणि ताटात गहूही हवा. आमची एखादी पणजी तेच जनुक घेऊन ज्वारीवर सुखाने जगली असेल. किंवा ‘अंगात रक्तच धरत नाही’ म्हणून अकाली गेली असेल. तिला कोणी तपासले होते? 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या भारतीय पाहणीत प्रौढांमधील या रोगाचे प्रमाण उत्तर भारतात शंभरात एकाहून थोडे अधिक, तर दक्षिणेत हजारात एकाच्या आसपास आढळले. ताटातील गव्हाचे प्रमाण हे या अंतराचे एक प्रमुख कारण मानले जाते.

आता आमच्या त्यागाकडे वळतो. कारण या लेखाचे प्रयोजन तेच आहे. आम्ही गहू सोडायला निघालो तेव्हा डॉक्टरांनी थांबवले. रक्तातील ज्या प्रतिद्रव्यावरून हा रोग ओळखतात, ते शरीरात गहू जात असेपर्यंतच नीट सापडते. आधी गहू सोडला आणि मग तपासणी केली, तर रोग असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. म्हणजे लेकीवरील प्रेमापोटी आम्ही जे करणार होतो, त्यानेच तिच्याविषयीच्या आणि आमच्याविषयीच्या एका खऱ्या प्रश्नाचे उत्तर कायमचे अवघड झाले असते.

या चुकीला इतिहास आहे. 1924 साली अमेरिकेतील सिडनी हास या डॉक्टरांनी अशा मुलांसाठी केळ्यांचा आहार सुचवला. मुले सुधारली. केळी औषधी ठरली, आणि त्या आहाराचा बोलबाला पुढे अनेक वर्षे राहिला. प्रत्यक्षात गुण आला होता तो ताटातून गहू गेल्यामुळे. खरे कारण हाती लागले ते नेदरलँडमधील विलेम डिके या बालरोगतज्ज्ञांच्या कामातून. त्यांचा संशय जुना होता. 1944-45 च्या भुकेच्या हिवाळ्यात पाव दुर्मिळ झाला तेव्हा ही मुले सुधारली आणि पाव परतताच पुन्हा खालावली. 1950 साली त्यांनी आपला प्रबंध सादर केला. हास यांचा हेतू शुद्ध होता, परिणामही चांगला दिसत होता; तरी कारण चुकले होते, आणि त्यामुळे बरे झालो असे समजून पुन्हा गव्हाकडे वळणाऱ्यांना संरक्षण उरले नाही. सेलू तालुक्यातील, केळीच्या बागा पाहत वाढलेल्या आमच्यासारख्यांना ही हकीकत विशेष लागते. चाचणी न करता गहू सोडून ‘हलके वाटते’ म्हणणारा पालक हास यांचीच चूक घरी करत असतो.

म्हणून आम्ही सहा आठवडे पोळी खाल्ली. लेकीसमोर खाल्ली, हे त्यातले सर्वांत कठीण. तिची ज्वारी गिरणीत देता येत नाही, कारण आधीच्या घाण्याचा गहू दगडात राहतो. त्यासाठी माळ्यावरचे आजीचे जाते खाली आले. बांधानीचा हिंगसुद्धा गेला, कारण त्यात बहुधा गव्हाचे पीठ असते. एकाच स्वयंपाकघरात दोन ओटे झाले. त्या दिवसांत आमच्या मनात येऊन गेलेली एक इच्छा सांगायला संकोच वाटतो: अहवाल दोषी यावा, म्हणजे ती एकटी राहणार नाही. आणि तितकीच तीव्र दुसरी इच्छा: तो निर्दोष यावा, म्हणजे हे आम्ही तिला दिले नाही असे म्हणता येईल. दोन्ही इच्छा लेकीविषयी आहेत असे वाटत होते. दोन्ही खरे तर आमच्याविषयी होत्या.

येथे कुंती आठवते. भीमाला पाठवण्याचा तिचा निर्णय युधिष्ठिराला अविचार वाटतो. तेव्हा ती त्यागाची भाषा बोलत नाही, पुरावा सांगते: जन्मतःच हा मांडीवरून पडला तेव्हा खालचा खडक फुटला होता; हिडिंबाला याने मारलेले आपण पाहिले आहे. त्या घरातील सर्वांचे प्रेम खरे होते, पण गाडा कोणी न्यायचा हे ठरले ते माहितीवर.

आमच्यापैकी एकाचा अहवाल दोषी आला. दुर्बिणीच्या तपासणीने त्यावर शिक्कामोर्तब झाले. वर्षानुवर्षे ‘कामाचा शीण’ म्हणून सोसलेल्या थकव्याला नाव मिळाले. दुसऱ्याचा निर्दोष आला, पण तो आजचा. पुढे पुन्हा तपासावे लागेल. दोषी कोणाचा, ते आम्ही नातलगांत सांगितलेले नाही आणि येथेही सांगणार नाही. ‘दोषी’ हा शब्दच वापरायला नको होता, हे लिहिताना जाणवते. पण अहवालासाठी आपल्याकडे दुसरा शब्द रुळलेला नाही.

लेकीला मात्र सांगितले. तिने फक्त एवढेच विचारले, ‘मग आता तुझंपण माझ्याच जात्यावर दळायचं?’ हो म्हटल्यावर ती खुंटा धरायला बसली.