पिवळ्या दिव्याची ओढाताण

पुण्या-मुंबईत गाडी शिकून न्यू जर्सीला किंवा कॅलिफोर्नियाला गेलेला माणूस तिथे पहिल्यांदा गोंधळतो, तो गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवावी लागते म्हणून. ती सवय लवकर होते. दुसरा गोंधळ जास्त टिकतो. पुढच्या गाडीचा मागचा एक लाल दिवा लागतो. ती ब्रेक मारतेय की वळतेय? दुसऱ्या बाजूचा दिवा दिसत असेल तर उलगडा होतो. मध्ये ट्रकचा कोपरा आड आला, तर दिवा विझून पुन्हा लागेपर्यंत वाट पाहायची. अमेरिकेत मागचा इंडिकेटर लाल चालतो, पिवळाही चालतो. निवड कंपनीची. युरोपात आणि भारतात नव्या गाडीला तो पिवळाच लागतो, म्हणजे नारिंगीकडे झुकणारा पिवळा.

अमेरिकेतल्या लाल इंडिकेटरमागे काटकसर आहे. जुन्या गाड्यांत एकाच बल्बकडून ब्रेक आणि वळण अशी दोन्ही कामं करून घेत. वायर कमी, बल्ब कमी, खर्च कमी. गाडीमागे ओढायच्या छोट्या ट्रेलरची वायरिंग आजही त्याच हिशेबाची असते. ब्रिटनमध्येही एके काळी लाल इंडिकेटर होते. १ सप्टेंबर १९६५ पासून नव्या गाड्यांसाठी ते बंद झाले. अमेरिकेनं त्याच दशकात पुढचे पांढरे इंडिकेटर पिवळे करून घेतले आणि मागच्यांना हात लावला नाही. फोर्ड मस्टँगच्या अमेरिकी गिऱ्हाइकाला मागे लाल इंडिकेटर मिळतो. तीच गाडी युरोपात पाठवताना कंपनी निमूटपणे पिवळा बसवून देते. म्हणजे जमत नाही अशातला भाग नाही.

फरक पडतो का, हे अमेरिकेच्याच रस्ते सुरक्षा खात्यानं तपासलं. ज्या मॉडेलांच्या इंडिकेटरचा रंग मधल्या काळात बदलला, त्यांचे आधीचे आणि नंतरचे अपघात ताडून पाहिले. २००९ च्या अहवालाप्रमाणे वळताना, लेन बदलताना किंवा पार्किंगमधून निघताना मागून धडक बसण्याचं प्रमाण पिवळ्या इंडिकेटरमुळे ५.३ टक्क्यांनी कमी होतं. मागच्या काचेजवळचा तिसरा ब्रेकलाइट अमेरिकेनं १९८६ च्या मॉडेलांपासून सक्तीचा केला. त्याचा दीर्घकालीन फायदा मागून बसणाऱ्या धडकांमध्ये ४.३ टक्के निघाला. दोन आकड्यांचा पाया वेगळा आहे, त्यामुळे ते शेजारी ठेवून जास्त मिरवण्यात अर्थ नाही. पण तिसऱ्या दिव्यासाठी आख्खा नवा दिवा बसवावा लागला आणि इथे नुसता रंग बदलायचा होता. तरीही सक्ती झाली नाही.

एका रंगाला दोन कामं दिली की काय होतं, हे रेल्वेनं फार आधी अनुभवलं होतं. ब्रिटिश रेल्वेच्या सुरुवातीच्या काळात रात्री लाल म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे जपून आणि पांढरा म्हणजे रस्ता मोकळा. पण पांढरा उजेड घराघरातल्या दिव्यांचाही होता. त्यात सिग्नलची लाल काच फुटली की आतल्या दिव्याचा पांढरा उजेड बाहेर पडे आणि ‘थांबा’चं ‘खुशाल या’ होई. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पांढरा रंग काढून मोकळ्या रस्त्याचं काम हिरव्याकडे दिलं गेलं. जपून जाण्यासाठी पुढे पिवळा आला.

चौकातल्या सिग्नलमध्येही देशोदेशी फरक आहेत, पण त्यातले बहुतेक निरुपद्रवी. ब्रिटन-जर्मनीत हिरवा लागण्याआधी लाल आणि पिवळा एकत्र लागतात, गिअर टाकून तयार राहा म्हणून. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात लाल दिवा चौकोनी, पिवळा शंकरपाळ्याच्या आकाराचा आणि हिरवा गोल असा सिग्नल जागोजागी दिसतो. रंगांधळ्याला नुसत्या आकारावरून कळतं. भारतानं २०२० मध्ये सौम्य आणि मध्यम रंगांधळ्यांना लायसन्स खुलं केलं, तेव्हा हा चौकोन आपल्याकडेही उचलायला हरकत नव्हती. उलट टोकाचं उदाहरण न्यू यॉर्क राज्यातल्या सिराक्यूज शहराचं. तिथल्या टिपररी हिल या आयरिश वस्तीत सिग्नल बसला तेव्हा आयर्लंडच्या हिरव्यावर ब्रिटनचा लाल कशाला, म्हणून पोरांनी दगड मारून दिवे फोडले. पालिकेनं शेवटी हात टेकले. त्या चौकात आजही हिरवा वर आहे. वस्तीचा अभिमान समजू शकतो; पण ज्याला रंग नीट दिसत नाही आणि जो जागेवरून सिग्नल ओळखतो, त्यानं तिथे काय करायचं?

भारतात कागदावर सगळं ठीक आहे. मोटार वाहन नियमांप्रमाणे इंडिकेटर पिवळा आणि मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकणारा हवा. अमेरिकेपेक्षा आपला नियम सरस आहे, हे बिनदिक्कत म्हणावं. पण रस्त्यावर आपण त्या पिवळ्याला भलत्याच कामांना जुंपलं आहे. चौकात सरळ जायचंय? लाव चारही इंडिकेटर, ज्यांना सगळे ‘पार्किंग लाइट’ म्हणतात. खंडाळ्याच्या घाटात पाऊस आला? लाव पार्किंग लाइट आणि चालत राहा. बहुतेक गाड्यांत ते चालू असताना डावा-उजवा इंडिकेटर वेगळा दिसतच नाही. म्हणजे धुक्यात आणि पावसात, जेव्हा लेन बदलणारा कळायला हवा, नेमका तेव्हाच तो मुका झालेला असतो. शिवाय बंद पडून उभी असलेली गाडी आणि ऐंशीच्या वेगानं चाललेली गाडी मागून सारखीच दिसते.

हायवेवरच्या ट्रकांची बोली आणखी निराळी. मागच्याला ‘जा पुढे’ सांगायला कोणी उजवा इंडिकेटर लावतो, कोणी डावा. आणि खरोखर उजवीकडे वळणाराही उजवाच लावतो. त्यातला कुठला कोणता, हे मागच्यानं ओव्हरटेक करता करता ठरवायचं. डिपरचंही तसंच. ब्रिटनमध्ये समोरच्यानं दिवे चमकवले तर लोक ‘आधी तुम्ही’ असा अर्थ घेतात. तिथलं अधिकृत रस्ता-पुस्तक तसं मानू नका म्हणून बजावतं, तो भाग वेगळा. आपल्याकडे अरुंद पुलावर डिपर मारणारा सांगत असतो, ‘मी येतोय, तू थांब’. लंडनहून सुट्टीवर आलेल्यानं तिथली सवय इथे वापरू नये.

या गोष्टी ‘चालायचंच’ म्हणून सोडून देता येतात, आणि तसंच चाललं आहे. पण लर्निंग लायसन्सच्या परीक्षेत रस्त्यावरच्या खुणा विचारतात, तिथे चार इंडिकेटर केव्हा लावायचे हा प्रश्न प्रत्येकाला यायला हवा. आणि पक्क्या लायसन्सच्या चाचणीत चौकात ते लावून सरळ जाणारा नापास व्हायला हवा. द्रुतगती मार्गावर वेगाच्या कॅमेऱ्यांना पैसा आहे, तर घाटाच्या तोंडाशी ‘पावसात हेडलाइट लावा, पार्किंग लाइट नको’ एवढी पाटीही परवडेल. सुरुवात सरकारी ताफ्यांपासून करावी. १ मे २०१७ ला सरकारी गाड्यांच्या टपावरचे लाल दिवे उतरले, तेव्हापासून आपण कोणीतरी आहोत हे सांगायचं काम बऱ्याच गाड्यांनी चार लुकलुकत्या पिवळ्यांकडे सोपवलेलं दिसतं, आणि ते बंद करायला नवा कायदा लागत नाही, ड्रायव्हरला एकदा सांगितलं तरी पुरे.