इम्प्लांट काढल्यानंतरचे मेदरोपण आणि वैद्याचे कर्तव्य

स्तनांतील सिलिकॉनचे इम्प्लांट काढून टाकावे आणि त्यामुळे आलेली पोकळी रुग्णेच्याच पोटावरील वा मांडीवरील मेदाने भरून काढावी, ही शस्त्रक्रिया आयुर्वेदीय त्रैमासिकात चर्चेचा विषय होऊ शकते काय, अशी शंका काही वाचकांच्या मनात येईल. आमच्या मते ही चर्चा आता टाळता येण्याजोगी राहिलेली नाही. ही शस्त्रक्रिया आपण करीत नाही आणि आपण ती करावी असेही आमचे म्हणणे नाही. परंतु शस्त्रक्रियेपूर्वी भयग्रस्त असलेली आणि शस्त्रक्रियेनंतर साशंक झालेली स्त्री आपल्याच चिकित्सालयाची पायरी चढते. कधी ती ‘अंगातले सिलिकॉन बाहेर काढणारे’ औषध मागते, कधी ‘काही तेल असेल तर द्या’ म्हणते, तर कधी हाताला लागलेल्या गाठीवर लेप विचारते. या तिन्ही वेळी तिला काय सांगावे, हे ज्यास ठाऊक नाही त्याच्या हातून अनवधानाने अपाय होण्याचा संभव आहे.

प्रथम पार्श्वभूमी पाहू. सिलिकॉन जेलचे इम्प्लांट पहिल्यांदा १९६२ साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथे क्रोनिन व गेरो या शल्यचिकित्सकांनी बसविले. १९९२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने केवळ सौंदर्यासाठी होणाऱ्या त्यांच्या वापरावर निर्बंध आणले आणि २००६ मध्ये ते उठविले. २०१० साली फ्रान्समधील पी.आय.पी. कंपनी इम्प्लांटमध्ये औद्योगिक वापराचे, वैद्यकीय मान्यता नसलेले सिलिकॉन भरत असल्याचे उघडकीस आले आणि अनेक देशांतील सहस्रावधी स्त्रियांना ते काढून घ्यावे लागले. खरबरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती क्वचित उद्भवणाऱ्या एका विशिष्ट लिंफोमामुळे २०१९ मध्ये त्यांतील काही प्रकार जगभरातून परत मागविण्यात आले. २०२१ मध्ये उपर्युक्त प्रशासनाने इम्प्लांटच्या माहितीपत्रकात ठळक चौकटीतील इशारा बंधनकारक केला. इम्प्लांट आयुष्यभर टिकणारी वस्तू नव्हे, ही गोष्ट आता कोणीही नाकारीत नाही. त्याभोवती शरीर तंतूंचे कवच निर्माण करते. ते कवच कधी आवळते, कधी इम्प्लांट फुटते आणि कधी स्त्रीलाच ते नकोसे होते.

सुश्रुताने शल्याचा विचार करताना शरीराबरोबर मनाच्या बाधेसही स्थान दिले आहे, याचे येथे स्मरण होते. अष्टविध शस्त्रकर्मांतील आहरण ते हेच. परंतु आहरणाने प्रश्न संपत नाही. वर्षानुवर्षांच्या दाबाने स्तनातील ऊती पातळ झालेल्या असतात आणि त्वचा ताणलेली असते. इम्प्लांट गेल्यावर स्तन सैल व रिकामे दिसू लागतात. तेव्हा स्त्रीपुढे चार मार्ग उरतात : आहे तसे राहू देणे, त्वचा आवळून स्तन वर उचलणे, नवे इम्प्लांट बसविणे किंवा स्वतःचा मेद भरून घेणे. या चौथ्या मार्गाचे आकर्षण उघड आहे. त्यात परकी वस्तू नाही आणि पोटाचा घेरही थोडा उतरतो. जाहिरातीत याला ‘नैसर्गिक’ हे विशेषण हमखास लागते. ‘नैसर्गिक’ या शब्दाने काय काय खपविता येते, हे औषधालयवाल्यांना आम्ही निराळे सांगावयास नको.

देठ असलेले व देठ नसलेले

या शस्त्रक्रियेचे मर्म समजण्यास आपल्याच परंपरेतील एक उदाहरण उपयोगी पडते. १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या नियतकालिकात कावसजी नावाच्या गाडीवानाच्या नाकाची हकीगत प्रसिद्ध झाली. टिपूच्या कैदेत त्याचे नाक कापले गेले होते. पुण्याजवळ एका देशी कारागिराने त्याच्या कपाळाची त्वचा वळवून नवे नाक घडविले. ही हकीगत वाचूनच पाश्चात्त्य शल्यचिकित्सकांचे लक्ष या कर्माकडे वळले आणि १८१४ मध्ये लंडनमध्ये कार्प्यू याने ते करून पाहिले. सुश्रुताने गालाच्या त्वचेने नासासंधान सांगितले आहे, तेही याच कुळीचे. या सर्व कर्मांत एक गोष्ट समान आहे. उचललेली त्वचा एका बाजूने देठासारखी मूळ जागेस जोडलेली राहते, त्या देठातून तिला रक्त मिळत राहते आणि नव्या जागी ती रुजल्यावरच देठ तोडला जातो.

मेदरोपणात असा देठ नसतो. लायपोसक्शनने ओढून घेतलेला मेद गाळून वा यंत्रात फिरवून रक्त, पाणी आणि फुटलेल्या पेशींतील तेल यांपासून वेगळा केला जातो आणि बारीक नळीने थेंबाथेंबाने ऊतींत पेरला जातो. पहिले काही दिवस त्याचे पोषण केवळ भोवतालच्या ऊतींतून झिरपणाऱ्या रसावर होते; नव्या रक्तवाहिन्या त्यानंतर फुटतात. म्हणून मेदाचा थेंब एक-दोन मिलिमीटरहून फार जाड झाला, तर त्याचा गाभा उपाशी मरतो. भाताची रोपे एकाच जागी गठ्ठ्याने रोवली तर शेत भरल्यासारखे दिसते, पण पीक येत नाही. येथेही तेच घडते.

इम्प्लांट काढल्यानंतरची अडचण याच नियमातून निर्माण होते. इम्प्लांट गेलेली पोकळी रिकामी असली तरी मेद त्या पोकळीत ओतता येत नाही, कारण तेथे त्याला धरणारी व पोसणारी ऊती नसते. तो भोवतालच्या त्वचेखालील थरांत व स्नायूंतच पेरावा लागतो, आणि हे थर तर दाबाने आधीच पातळ झालेले असतात. ज्या स्त्रीला अधिक भरावाची आवश्यकता, तिच्याच ठिकाणी पेरण्यास जागा कमी! काही शल्यचिकित्सक म्हणून आहरण व रोपण एकाच वेळी करतात, तर काही जण ऊती सावरण्यासाठी काही महिने थांबतात. एका वेळी एका स्तनात साधारणतः दोनशे ते तीनशे मिलिलिटर मेद भरला जातो. त्यातील अर्ध्याच्या आसपास टिकतो, पण व्यक्तीपरत्वे यात फार मोठा फरक पडतो. काय टिकले, हे तीन ते सहा महिन्यांनीच कळते. मोठ्या इम्प्लांटएवढा आकार एका बैठकीत मिळणे अशक्यप्राय असते. कृश स्त्रीच्या अंगावर तर काढण्यापुरता मेदही नसतो.

या कर्माचा इतिहासही बोधप्रद आहे. १८९५ साली झेर्नी या शल्यचिकित्सकाने हायडेलबर्ग येथे एका स्त्रीच्या पाठीवरील मेदाची गाठ काढून तिच्या स्तनातील खड्ड्यात बसविली. पुढे लायपोसक्शन रूढ झाल्यावर ही कल्पना पुन्हा वर आली. परंतु १९८७ मध्ये अमेरिकेतील प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेने स्तनातील मेदरोपणास विरोध केला. मृत मेदाभोवती जमणारे चुन्याचे कण कर्करोगाचे निदान झाकतील, अशी त्यांना भीती वाटत होती. बावीस वर्षांनी, २००९ साली, उपलब्ध पुरावा तपासून त्याच संघटनेने आपली भूमिका सैल केली. प्रथम थांबणे, पुरावा जमविणे आणि मग मत बदलणे, हा क्रम आपण अंगी बाणवावा असे आम्हांस प्रामाणिकपणे वाटते.

आपल्या दारी येणारे प्रश्न

पहिला प्रश्न गाठीचा. मेदरोपणानंतर मृत मेदाच्या कठीण गाठी वा तेलाने भरलेल्या पिशव्या तयार होणे असाधारण नाही. मेदोज ग्रंथी शरीराच्या वृद्धी-क्षयाबरोबर वाढते व घटते, असे सुश्रुताने निदानस्थानात नोंदविले आहे. रोपलेल्या मेदाचे वर्तनही तसेच असते. परंतु या साम्यावर विसंबून बोटांनी चाचपून ‘ही मेदोज आहे’ असा निर्णय देणे धोक्याचे होय. सोनोग्राफी वा मॅमोग्राफी केल्याविना, आणि आवश्यक तेथे सुईने तपासणी केल्याविना, स्तनातील कोणत्याही नव्या गाठीवर लेप, कांचनार गुग्गुळ वा शेक सुरू करू नये. लेपाने तिची हानी होईलच असे नव्हे. हानी होते ती लेपावर विसंबून गेलेल्या महिन्यांत. तपासणीस पाठविताना मेदरोपण झाल्याचे चिठ्ठीत अवश्य लिहावे, म्हणजे क्षकिरणतज्ज्ञास चुन्याच्या कणांचा अर्थ लावता येईल. इम्प्लांट असताना वा काढल्यानंतर एका बाजूस अचानक सूज आली, तर विलंब न करता शल्यचिकित्सकाकडे पाठवावे.

दुसरा प्रश्न औषधांचा. लसूण, गुग्गुळ व मोठ्या मात्रेतील हळद यांमुळे रक्तस्राव वाढण्याची शक्यता लक्षात घेऊन शल्यचिकित्सक ती बंद करावयास सांगतात. जेष्ठमधाच्या दीर्घ सेवनाने रक्तदाब वाढतो व पोटॅशियम उतरते. अश्वगंधेने भूल देण्याच्या औषधांची गुंगी वाढू शकते. वनौषधी शस्त्रक्रियेपूर्वी साधारणतः दोन आठवडे थांबविण्याची प्रथा आहे. पण ‘आयुर्वेदिक आहे, सांगण्याची काय आवश्यकता?’ असे समजून रुग्णा ते भूलतज्ज्ञास सांगत नाही. आपण दिलेल्या कल्पांची नावे घटकद्रव्यांसह कागदावर लिहून देणे, हे आपले काम आहे. तंबाखू व मिश्री यांची चौकशीही आपणच करावी. निकोटीन रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि देठाविना पेरलेल्या मेदास ते सर्वाधिक बाधते. मिश्री लावणारी स्त्री स्वतःस तंबाखू खाणारी समजत नाही, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे.

तिसरा प्रश्न पंचकर्माचा. मेदरोपणानंतरचे काही आठवडे स्तनांवर दाब, मर्दन वा शेक नको, हे शल्यचिकित्सक सांगतातच. परंतु हीच स्त्री दोन महिन्यांनी ‘मेदोहर’ उपचारासाठी आपल्याकडे येते. पोट थोडे उतरलेले पाहून तिला हुरूप आलेला असतो. रोपलेला मेद हा मेदच असतो. वजन झपाट्याने उतरले की तोही आटतो. म्हणून लेखन, लंघन वा वजन घटविणाऱ्या कोणत्याही उपक्रमापूर्वी अलीकडे झालेल्या शस्त्रक्रियांची विचारणा करावी आणि वजन स्थिर ठेवण्याचा सल्ला द्यावा.

न विकण्याचे धैर्य

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही लेखणी उचलली, तिच्याकडे वळतो. ‘स्तनवर्धक’ तेले, मलमे व चूर्णे यांस मोठी मागणी असते. इम्प्लांट काढलेली स्त्री निराश, संकोचलेली आणि पैसे मोजावयास सिद्ध असते. बृंहण चिकित्सेने सर्वांगाचे वजन वाढेल, परंतु तो मेद नेमका स्तनांतच साठवावा अशी आज्ञा कोणतेही औषध देऊ शकत नाही. वरून चोळलेल्या तेलाने स्तनाचा आकार वाढतो, यास भरवशाचा पुरावा नाही. ‘शरीरातील सिलिकॉनचे शोधन’ करणाऱ्या औषधाचेही तेच. इम्प्लांट असलेल्या अनेक स्त्रिया थकवा, सांधेदुखी व विस्मरण यांची तक्रार करतात आणि ते काढल्यावर अनेकींना बरे वाटते. या तक्रारी खऱ्या मानून ऐकल्या पाहिजेत. पण त्यांचे निश्चित कारण अद्याप सिद्ध झालेले नाही आणि सिलिकॉन ‘ओढून काढणारा’ काढा अस्तित्वात नाही.

औषधालयांच्या मालकांनी कायदाही ध्यानात घ्यावा. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाच्या अनुसूचीत स्त्रीच्या स्तनांचा आकार व घडण यांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यासाठी औषधाची जाहिरात करणे हा अपराध आहे आणि पहिल्याच अपराधास सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. हा कायदा आयुर्वेदीय औषधांसही लागू आहे. जाहिरात म्हणजे केवळ वृत्तपत्रातील मजकूर नव्हे. पत्रक, वेष्टन व लेबल यांवरील दावाही त्यात येतो.

‘आपण दिले नाही तर ती दुसरीकडून घेईल,’ हा युक्तिवाद आम्ही अनेकदा ऐकला आहे. ती घेईलही. परंतु दुसऱ्याने फसविले म्हणून आपल्या फसवणुकीचे पाप हलके होत नाही. शिवाय एकदा खोट्या बाटलीसाठी पैसे मोजलेली स्त्री पुढे आपल्या खऱ्या औषधांवरही विश्वास ठेवीत नाही. त्याची किंमत तुम्हाआम्हा सर्वांना मोजावी लागते.

मग आपल्या हाती काही उरतच नाही काय? पुष्कळ उरते. शस्त्रक्रियेपूर्वी अग्नी व निद्रा सुधारणे, पांडू असल्यास तो ओळखून दुरुस्त करणे, व्रण भरून येण्यासाठी पुरेसा प्रथिनयुक्त आहार सांगणे, वेदनाशामक गोळ्यांनी होणारा मलावष्टंभ शल्यचिकित्सकाच्या संमतीने दूर करणे, ही सर्व आपल्या अधिकारातील कामे आहेत. तिने प्लास्टिक सर्जनला काय विचारावे, हेही आपण लिहून देऊ शकतो : किती बैठका लागतील, किती मेद टिकणे अपेक्षित आहे, आधीची व नंतरची मॅमोग्राफी केव्हा करावयाची, आणि कर्करोग होऊन गेला असल्यास कर्करोगतज्ज्ञाची संमती घेतली आहे काय. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, काहीही न भरता आहे तसे राहणे हाही पूर्ण सन्मानाचा पर्याय आहे, हे तिला कोणीतरी सांगावयास हवे. भरावाची शस्त्रक्रिया करणारा ते सांगेलच असे नाही आणि तेल विकणारा तर निश्चितच सांगणार नाही. ज्याला यात काही विकावयाचे नाही असा वैद्यच ते निःशंकपणे सांगू शकतो.

सुश्रुताचे नाव आपण सभासंमेलनांत अभिमानाने घेतो आणि ते योग्यच आहे. परंतु प्लास्टिक सर्जरी आमच्याकडूनच जगाला मिळाली, असे व्यासपीठावरून सांगून मागच्या दाराने स्तनवर्धक तेलाची बाटली खपविणे, हा त्या नावाचा अवमान होय. आपल्या संघटनेच्या प्रत्येक जिल्हा शाखेने येत्या तिमाहीत या विषयावर स्थानिक प्लास्टिक सर्जन व क्षकिरणतज्ज्ञ यांस बोलावून एक चर्चासत्र घ्यावे आणि सभासद औषधालयांनी आपल्या फळीवरील अशा बाटल्यांचा शांतपणे हिशेब करावा, अशी आमची सर्व वैद्यबंधू-भगिनींस आग्रहाची विनंती आहे.