शब्द आणि कागद

जून महिना जवळ आला कीं संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगांव, तसेंच २०२४ सालापासून अहिल्यानगर झालेलें आपलें नगर, येथील अनेक घरांत एकच विषय निघतो : शिक्षणास अगर नोकरीस पुण्याला निघालेल्या मुलामुलींच्या बिऱ्हाडाचा. एके काळीं आप्तांच्या घरचा कोपरा आणि वार लावून जेवण एवढ्यावर भागत असे. आतां दोघांचौघांनीं मिळून सदनिका भाड्यानें घेण्याची चाल पडली आहे. तींत गैर कांहीं नाहीं. मात्र घरांतील वडील मंडळींनीं एका गोष्टींत लक्ष घालावें, आणि ती म्हणजे करारपत्र.

आपल्या वाड्यांतून पिढ्यान् पिढ्या बिऱ्हाडें राहिलीं तीं शब्दावर. त्यामुळें कागद मागणें म्हणजे अविश्वास दाखविणें, अशी आपली समजूत. शहरांतील मालकाचा अनुभव निराळा. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानें जुन्या घरांचीं भाडीं १९४० च्या पातळीवर बांधलीं गेलीं व भाडेकरूस हलविणें दुष्कर झालें. म्हणून मालक 'परवानगीनें राहणारा' असा करार करूं लागले. परंतु १ फेब्रुवारी १९७३ रोजीं तसे राहत असलेल्यांसहि कायद्यानें संरक्षण दिलें. मालकांच्या मनांतील धास्तीचें मूळ हें आहे.

अकरा महिन्यांच्या करारास नोंदणी लागत नाहीं, असें अद्यापि पुष्कळांस वाटतें. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याप्रमाणें मुदत कितीहि असो, करार लेखी व नोंदविलेला असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींविषयीं भाडेकरूचें म्हणणें, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलें जातें.

परंतु एकदां परवानगीचा करार लेखी झाला कीं त्यांत लिहिलेली गोष्ट निर्णायक ठरते. "रंगाचे पैसे कापणार नाहीं हो," हें तोंडचें आश्वासन मग उपयोगीं पडत नाहीं. मुदत संपल्यावर जागा न सोडल्यास दुप्पट भाड्याच्या दरानें भरपाई द्यावी लागते. म्हणून सहीपूर्वीं अनामत किती व किती दिवसांत परत मिळणार, दुरुस्ती कोणाकडे, मुदतीपूर्वीं जागा सोडावयाची तर सूचना किती दिवसांची, हें सारें वाचून घ्यावें. राहणाऱ्या प्रत्येकाचें नांव त्यांत असावें.

खर्च वांचविण्यासाठीं अनामत कमी दाखवा, असें कोणी सुचविल्यास साफ नाकारावें. मुद्रांकशुल्क एकूण भाड्यावर आणि अनामतीच्या वार्षिक दहा टक्के व्याजावर मिळून ०.२५ टक्के असतें. अकरा महिन्यांसाठीं ५०,००० रुपये अनामतीचा या हिशेबांतील वाटा अकराबारा रुपयांचा! तेवढ्यासाठीं एकत्र कुटुंबाच्या सामाईक पेटींतून गेलेली रक्कम बेवारस करणें शहाणपणाचें नव्हे.

जागा मावसभावाची वा व्याह्यांची असली तर कागदाचें नांव काढणें अधिकच जड जातें. खरें पाहतां तेथेंच तो अधिक हवा. परक्याशीं बिनसलें तर पैसे जातात. आप्ताशीं बिनसलें तर लग्नामुंजींतलें येणें-जाणें थांबतें. तेव्हां घरांतील कोणा वडिलांनींच तो विषय मोकळेपणीं काढावा, करार नोंदवून घ्यावा, आणि त्याची एक प्रत मुलाजवळ व एक घरच्या कपाटांत ठेवावी.