जीन्सवर खापर फोडण्याआधी...

‘मला चढतच नाही यार, आमच्या जीन्समध्येच आहे!’ हॉस्टेलच्या पार्टीत हा डायलॉग तुम्ही ऐकला असेलच. त्यावर मान डोलावण्याआधी एका शेजाराची गोष्ट वाचा.

पोटात गेलेली दारू मुख्यतः यकृतात दोन टप्प्यांत मोडते. आधी एडीएच नावाची एन्झाइम्स तिचं ॲसिटाल्डिहाइड या विषारी पदार्थात रूपांतर करतात. मग एएलडीएच हे दुसरं एन्झाइम त्याचा निकाल लावतं. एडीएचची सात जनुकं आपल्या चौथ्या गुणसूत्रावर चाळीतल्या खोल्यांसारखी एका ओळीत आहेत. इतकी जवळ, की आई-बाबांकडून मुलाकडे येताना शेजारच्या जनुकांची रूपं बहुतेक वेळा जोडीनंच येतात. यालाच लिंकेज म्हणतात.

गोंधळ इथंच होतो. पूर्व आशियात एडीएच१सी या जनुकाचं एक रूप असलेल्यांमध्ये दारूचं व्यसन कमी दिसलं. श्रेय त्यालाच मिळालं. पुढे तैवानमधल्या अभ्यासात कळलं, की खरं काम शेजारच्या एडीएच१बीचं होतं. त्याचं तिथं सर्रास आढळणारं रूप ॲसिटाल्डिहाइड झपाट्यानं बनवतं. एडीएच१सी नुसताच सोबत आला होता!

म्हणून मला वाटतं, थुंकीचा नमुना पाठवून आलेला डीएनए रिपोर्ट म्हणजे कुंडली नव्हे. रिपोर्टमध्ये एखादं जनुक दिसलं, तर ते खरं कारण आहे की कारणाचा शेजारी, हे आधी विचारा. शिवाय कोणतं रूप कोणासोबत येतं, हेही लोकसमूहागणिक बदलतं. तैवानमधला निष्कर्ष साताऱ्याच्या मुलाला जसाच्या तसा लावता येत नाही.

आणि त्या ‘चढत नाही’वाल्या मित्राला एक गंमत सांगा. एडीएचच्या या गोष्टीत व्यसनापासून वाचतात ते ज्यांना दारू सोसत नाही ते. ज्याला चढत नाही, तो आणखी एक पेग भरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९८८ मध्येच दारूला कर्करोगकारक ठरवलंय. चढली नाही म्हणून तो धोका टळत नाही.

पुढच्या वेळी कुणी जीन्सचा दाखला दिला, तर एवढंच विचारा, ‘कुठलं जीन? आणि त्याच्या शेजारी कोण राहतं?’