मूठभर तांदूळ

मिझोरामच्या पोस्टिंगमध्ये प्रेस्बिटेरियन घरांतली एक रीत पाहिली. भात शिजवण्याआधी घरची बाई मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढते. 'बुहफाई थाम' म्हणतात त्याला. पण यांचा पंथ तर सांगतो, तारण केवळ विश्वासाने, कर्माने नव्हे. मग ही मूठ कशाला?

पौलाचा भर विश्वासावर. याकोब बजावतो, कृती नसेल तर विश्वास मेलेलाच. ल्यूथरने १५२२ मध्ये याकोबाच्या पत्राला चक्क पेंढ्याचं ठरवलं! माझ्या मते तिथे तो घसरला. जखमी सोबत्याला पाठीवर घेणारा जवान पलटणीत जागा मिळावी म्हणून उचलत नाही. तो पलटणीचा आहे म्हणून उचलतो. मूठ तशीच. कॅथलिक आणि ल्यूथरन साधारण याच समजुतीवर आले, १९९९ मध्ये, ऑग्सबर्गला.