डेंटल लॅब टाकताय? आधी डॉक्टर, मग मशीन!

भंडारदऱ्यात घरीच डेंटल लॅब टाकायचा विचार आहे? माझं स्पष्ट मत: मशीन घेण्याआधी दातांचे डॉक्टर शोधा.

काम दिसायला सोपं आहे. प्लास्टिकची शीट तापवायची, दातांच्या प्लास्टर मॉडेलवर व्हॅक्युमने ओढायची, कापून कडा घासायच्या. कडक शीटचा रिटेनर होतो, मऊ शीटचा खेळाडूंचा माउथगार्ड.

पण ब्रेसेस काढल्यावर रिटेनर उशिरा मिळाला, तर दात परत सरकतात आणि तो नीट बसत नाही. शीट, मेहनत, डॉक्टरांचा विश्वास, सगळं पाण्यात!

म्हणून प्रवरेच्या काठाने खाली उतरा. अकोले किंवा संगमनेरला, दवाखान्यांजवळ लॅब टाका. ऑर्डर डॉक्टरांकडूनच घ्या, थेट पेशंटकडून कधीच नाही.

आधी दहा दवाखाने फिरा, मगच मशीनचं कोटेशन मागवा.